आत्याबाईंचं पथ्य

दोनदाकाकांचं खरं नाव त्यांच्या औषधाच्या दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. चौतीस वर्षं गिऱ्हाइकाच्या हातात बाटली देताना ते एकच वाक्य बोलत आले होते, "घरी गेलात की लेबल दोनदा वाचा." खोकल्याच्या औषधालाही तेच आणि कापसाच्या गुंडाळीलाही तेच. मग नाव पडायला कितीसा वेळ लागतो? आधी पाठीमागे पडलं, मग तोंडावर, आणि शेवटी बायकोसुद्धा चिडली की "अहो दोनदा" म्हणायला लागली.

माणूस वाईट नव्हता. फक्त चूक हा प्रकार आपल्या वाटेने येत नाही, तो परस्पर इतरांकडे जातो, अशी त्यांची समजूत होती आणि ती ते लपवत नसत.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीची सासू, म्हणजे त्यांच्या विहीणबाई, त्याच गावात राहत. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पोराला जागच्या जागी थांबवेल असा आवाज. गावात अजूनही त्यांना शिट्टीबाई म्हणत. काका आणि शिट्टीबाई यांच्यात भांडण असं कधी झालं नव्हतं. भांडायला लागते तेवढी जवळीकच नव्हती. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बाईंनी खोकल्याचं औषध न मोजता सरळ बाटलीच तोंडाला लावली होती आणि काकांनी जावयासमोर त्यांना मापाचं महत्त्व पंधरा मिनिटं समजावून सांगितलं होतं. बाई शेवटपर्यंत हसऱ्या चेहऱ्याने ऐकत होत्या. तेव्हापासून तीन वर्षं दोघं एकमेकांशी इतक्या अदबीने बोलत की ऐकणाऱ्यालाच अवघडायला व्हावं. जेवायला बसताना दोघांच्या मधे कुणीतरी तिसरं बसेल, याची काळजी मुलगी न चुकता घ्यायची.

त्या मुलीने आणि जावयाने दीडशे किलोमीटरवरच्या शहरात नवं घर घेतलं. सामान लावायला काकांची बायको आठवडाभर आधीच तिकडे जाऊन राहिली. शनिवारी काकांनी आणि विहीणबाईंनी जायचं ठरलं. बाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात, 'लांब उडी अशी मारतात' हे दाखवायला गेल्या होत्या. इकडे काकांची गाडी एवढीशी की बाईंना नव्या घरी न्यायचं होतं ते लिंबाचं झाड तिच्यात मावेना. तेव्हा गाडी बाईंची आणि चालवणार काका, असा तह झाला.

निघायच्या आधी बायकोने फोनवर बजावलं, "त्यांना नीट घेऊन या. आणि वाटेत व्याख्यान नको."

"मी कधी व्याख्यान देतो?"

"ते आता सुरू होईल, म्हणून ठेवते," असं म्हणून तिने खरोखरच फोन ठेवला.

बाईंची गाडी जुनी, लांबलचक, राखाडी रंगाची. सकाळी सुरू होताना ती आधी कुरकुरायची, मग घसा खाकरायची आणि एकदा चालू लागली की कुणाचं ऐकायची नाही. म्हणून बाईंनी तिचं नाव आत्याबाई ठेवलं होतं. किल्ली काकांच्या हातात देताना त्या म्हणाल्या, "व्याहीबुवा, आत्याबाईंचं पथ्य एकच आहे. त्यांना डिझेल लागतं."

काकांच्या चेहऱ्यावरची इस्त्री जरा मोडली. "विहीणबाई, पथ्य मला सांगता?"

"नाही हो, आपलं कानावर घातलं."

"टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असेलच की."

"मीच लिहून चिकटवलंय. लाल अक्षरात."

"मग झालं तर," काका म्हणाले आणि आरसा, सीट, पट्टा, पुन्हा आरसा असं सगळं दोन-दोन वेळा तपासून त्यांनी आत्याबाईंना रस्त्याला लावलं.

पहिला तासभर हवापाण्याच्या गप्पा झाल्या. हवेबद्दल दोन सभ्य माणसं जेवढं बोलू शकतात तेवढं बोलून झालं. मागे, जादाच्या टायरवरच बादलीत उभं केलेलं लिंबाचं झाड प्रत्येक वळणावर काकांच्या कानात एक फांदी खुपसत होतं, पण झाड विहीणबाईंचं असल्यामुळे ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने बाईंचा डोळा लागला. काटा तळाला टेकायला आला तेव्हा त्यांना उठवायला नको असं ठरवून काकांनी हमरस्त्यावरच्या एका पंपावर गाडी हळूच आत घेतली.

त्या पंपावर गाडीत आपल्या हातानेच भरायचं होतं. काका उतरले आणि त्यांच्या स्वभावाप्रमाणे आधी सगळं वाचू लागले. धूम्रपान करू नये. इंजिन बंद ठेवावे. मोबाइलवर बोलू नये. टायरमध्ये हवा मोफत. एका सूचनेत 'कृपया'चा 'कृ' चुकलेला होता, त्याकडे ते बराच वेळ नापसंतीने बघत राहिले. आणि ते बघत असताना त्यांच्या उजव्या हाताने, बावीस वर्षं स्वतःच्या छोट्या गाडीत पेट्रोल भरणाऱ्या हाताने, सवयीची नळी उचलली, टाकीचं झाकण फिरवून काढलं, ते दोरीवर उलटं लोंबकळत सोडलं आणि नळी आत घातली. हाताला कुणी काही विचारलं नाही. हातानेही कुणाला काही सांगितलं नाही.

गल्ल्यावर एक आजोबा बसले होते. काकांनी पैसे दिले, पावती घेतली आणि तिथेच काचेशी उभं राहून ती वाचली. तारीख बरोबर. वेळ बरोबर. पेट्रोल, एकतीस लिटर.

त्यांनी ती दोनदा वाचली. दुसऱ्यांदाही पेट्रोलच होतं.

ते गाडीकडे परत गेले आणि लोंबकळणारं झाकण त्यांनी सुलटं केलं. त्यावर लाल अक्षरात, खेळाच्या मास्तरणीच्या ठसठशीत हस्ताक्षरात लिहिलं होतं: डिझेल. खाली दोन रेघाही मारलेल्या होत्या.

चौतीस वर्षं ज्या माणसाने जगाला लेबल वाचायला लावलं, त्याने काय करावं? सांगून टाकावं. पण काकांनी झाकण घट्ट लावलं, पावतीची चार घड्या घालून ती खिशात ठेवली आणि ते गाडीभोवती फिरू लागले.

आतून आवाज आला, "काय झालं व्याहीबुवा?"

"काही नाही. टायर बघतोय."

"कसे आहेत?"

"गोल आहेत," काका म्हणाले. एवढं बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे चांगले आहेत. आपण चहा घेऊ या का?"

"निघताना तर घेतला."

"तो सकाळचा झाला."

"निघून दीड तास झालाय."

"तेच म्हणतो मी. गाडीलाही जरा विसावा."

बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढून त्यांच्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षं पोटदुखीची कारणं सांगून मैदानावरून पळणारी पोरं पाहिलेली बाई ती. तिला खोटं ऐकू यायच्या आधी वास यायचा. पण व्याही पडले, म्हणून त्या गप्प बसल्या.

काका पुन्हा गल्ल्याकडे गेले आणि आवाज खाली आणून त्यांनी आजोबांना विचारलं, "समजा, एखाद्याने डिझेलच्या गाडीत चुकून पेट्रोल भरलं..."

"समजा कशाला?" आजोबा म्हणाले. "तुमचा चेहराच सांगतोय. आठवड्यातून एक येतोच. मागच्या आठवड्यात पाणीखात्याचा इंजिनिअर होता. तो तर रडला."

"त्यात थोडं डिझेल ओतून पातळ केलं तर?"

"काहीही ओतू नका आणि काही झालं तरी गाडी सुरू करू नका. सुरू केलीत की ते इंजिनापर्यंत जाणार, मग मात्र बसा कपाळाला हात लावून." आजोबांनी काचेवर चिकटवलेला एक नंबर बोटाने दाखवला. "या मेकॅनिकबाईला फोन करा. टाकी उपसून देते."

काका खिशातला फोन काढत होते तेवढ्यात त्यांचं लक्ष बाहेर गेलं. मागे एक ट्रक येऊन उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. आणि त्या भोंग्याला मान देऊन विहीणबाई शेजारच्या सीटवरून सरकत सरकत स्टिअरिंगमागे आल्या होत्या. किल्ली काकांनी गाडीतच ठेवली होती. बाईंचा डावा हात किल्लीकडे चालला होता.

दोनदाकाका पळाले. शाळा सुटल्यापासून ते पळाले नव्हते. धोतरासारखी लांब उडणारी सैल पँट सावरत, मधली पाण्याची बादली ओलांडत ते धावत आले आणि आत्याबाईंच्या बॉनेटवर दोन्ही हात पसरून पालथे पडले.

"हात लावू नका!" ते ओरडले. "खबरदार!"

तीन वर्षांतलं हे त्यांचं पहिलं मोकळं वाक्य.

बाईंनी हात मागे घेतला. भोंगा थांबला. काचेच्या पलीकडून दोघं एकमेकांकडे बघत राहिले. काकांचा गाल बॉनेटला चिकटलेला होता.

"व्याहीबुवा," बाई शांतपणे म्हणाल्या, "काय भरलंत?"

"पेट्रोल."

"किती?"

"एकतीस लिटर."

बाईंनी कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. त्यांचे खांदे हलायला लागले. आधी काकांना वाटलं, रडताहेत. मग तो मैदानी आवाजातला हसण्याचा स्फोट झाला आणि पंपावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. "झाकणावर," त्या मधेच श्वास घेत म्हणाल्या, "झाकणावर मी... दोन रेघा मारल्यात हो!"

"पाहिल्या मी," काका बॉनेटवरूनच म्हणाले. "नंतर."

ट्रकवाला खाली उतरला. प्रकरण समजल्यावर त्याने भोंग्याबद्दल माफी मागितली आणि गाडी बाजूला घ्यायला हात लावला. किल्ली पहिल्या खाचेपर्यंतच फिरवायची, म्हणजे स्टिअरिंग सुटतं पण बाकी काही चालू होत नाही, हेही त्यानेच सांगितलं. बाईंनी डाव्या हाताने स्टिअरिंग धरलं आणि मागून ट्रकवाला आणि काका ढकलू लागले. "एक, दोन, हुप्प!" बाई आतून ओरडत होत्या. "कंबर वाकवा व्याहीबुवा, हाताने नाही, पायाने जोर लावा! टाचा! टाचा!" काकांनी टाचा लावल्या. आत्याबाई घरंगळत भिंतीकडेला, एका झाडाच्या सावलीत जाऊन उभ्या राहिल्या. सावलीत एक सिमेंटचा बाक होता. मेकॅनिकला फोन केला, तिने दीड तास लागेल म्हणून सांगितलं, आणि व्याही-विहीण बाकावर एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून बसले.

तेवढ्यात काकांच्या बायकोचा फोन आला. काकांनी फोनकडे पाहिलं आणि तो पालथा केला. बाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"हो हो, आम्हीच. थोडा उशीर होणार. टायर पंक्चर झालाय. नाही नाही, व्याहीबुवा बदलताहेत ना. अगदी व्यवस्थित. एकेक नट दोनदा तपासताहेत." फोन बंद करून त्यांनी परत दिला.

काकांनी फोन खिशात ठेवला. "विहीणबाई, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात."

"पोरांच्या प्रगतिपुस्तकावर याहून मोठं बोललेय," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही आधीच का नाही सांगितलंत? मी काय खाणार होते तुम्हाला?"

काकांनी बुटाच्या टोकाने एक खडा बाजूला सारला. मग म्हणाले, "लाज वाटली. खोकल्याच्या औषधावरून तुम्हाला एवढं ऐकवलं होतं."

"सोळा मिनिटं," बाई म्हणाल्या. "घड्याळ समोरच होतं."

वाऱ्याने पंपावरचे कागदाचे कपटे एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जात होते. गाड्या येत होत्या, भरून जात होत्या. प्रत्येक जण बिनचूक नळी उचलतो आहे, हे काका मनातल्या मनात नोंदवत होते. आणि मग त्यांनी आपण होऊन एक गोष्ट सांगायला सुरुवात केली, जी त्यांनी बायकोलाही कधी सांगितली नव्हती.

दुकान काढलं त्या पहिल्या वर्षातली. एक पोस्टमन डोळ्यांत घालायचे थेंब घ्यायला आला होता. काकांनी गप्पांच्या नादात शेजारची बाटली दिली. ती कानात घालायच्या थेंबांची होती. तो गेल्यावर तासाभराने फळीवर हात गेला तेव्हा लक्षात आलं. दुकान उघडं टाकून ते तसेच पळत सुटले. पोस्टमनचं घर नदीपलीकडे. पुलावर पोचले तर समोरून तोच चालत येत होता, हातात बाटली घेऊन.

"मी म्हटलं, घातलं नाही ना? तो म्हणाला, 'छे हो. पत्ते वाचून वाचून सवय झालीय. मी काहीही दोनदा वाचतो.'" काका थांबले. "तेव्हा ते वाक्यसुद्धा माझं नाही, विहीणबाई. त्याचं आहे. मी नुसतं चौतीस वर्षं वापरतोय."

बाईंनी मान हलवली. थट्टा करायची ही जागा नाही, हे त्यांना कळलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "माझंही एक आहे. कुणाला सांगायचं नाही."

"नाही."

"एका वर्षी शंभर मीटरची शर्यत होती. मी शेवटच्या रेषेवर. आणि नेमकी त्या क्षणी कुंपणावर चढलेल्या दोन पोरांकडे बघत होते. रेषेवर कोण आधी आलं ते मी पाहिलंच नाही. अंदाजाने नाव पुकारलं. संध्याकाळी फोटो बघितला, तर जिंकलेली वेगळीच. ती बिचारी एक शब्द बोलली नव्हती. टाळ्या वाजवत होती."

"मग?"

"मग काय? बक्षीस वाटून झालं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत सव्वीस वर्षं झाली. तिचं आता बाजारात चपला-बुटांचं दुकान आहे. समोरून गेले की 'या ना बाई' म्हणते. मला जाववत नाही पुढे. आत जाते आणि एक जोड घेते. घरात अकरा जोड आहेत. दोन तर माझ्या मापाचेही नाहीत."

"अहो, मग सांगून टाका तिला."

"आता सांगितलं तर एवढ्या बुटांचं काय करू?"

काकांना हसू फुटलं. आवरायचा प्रयत्न केला तर नाकातून आवाज आला आणि त्या आवाजाने बाईंनाही आवरेना. बाकावरचं हातभर अंतर कधी कमी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मेकॅनिक आली ती एका मळक्या व्हॅनमधून. चाळिशीची, अंगात निळा डगला, केस रुमालात बांधलेले. तिने व्हॅनचं मागचं दार उघडून एक पंप, एक लांब नळी आणि दोन पिंपं खाली काढली आणि विचारपूस सुरू केली.

"किती गेलं आत?"

"एकतीस लिटर."

"आधीचं किती होतं?"

"अगदी तळाला."

"इंजिन सुरू केलं?"

"नाही. किल्ली पहिल्या खाचेपर्यंत. त्यापुढे नाही."

"नक्की? इथे सगळे नाही म्हणतात आणि मग फिल्टर वेगळंच सांगतो."

"मी साक्षीला आहे," बाई म्हणाल्या. "हे बॉनेटवर आडवे पडले होते."

मेकॅनिकने काकांकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं. "मग वाचलात. डिझेल तेलकट असतं, त्याच्यावरच आतली यंत्रं मऊ फिरतात. पेट्रोल गेलं की कोरडी घासतात आणि मग पार बाद होतात. आता टाकी उपसू, नळ्या धुऊ, फिल्टर बदलू. तासाभरात मोकळे व्हाल." मग तिने सहज विचारलं, "तुम्ही काय करता?"

काका नळीला पडलेला पीळ सोडवू लागले.

"औषधाचं दुकान आहे यांचं," बाईंनी सांगून टाकलं.

मेकॅनिकच्या हातातला पाना थांबला. "आणि तिथे..."

"तिथे आजवर एकदाही नाही," बाई ठामपणे म्हणाल्या आणि काकांकडे बघितलंही नाही.

नळी टाकीत गेली, पंप घरघरला आणि काकांची चूक पिवळसर धार होऊन पिंपात पडू लागली. काका शेजारी उभे राहून शेवटच्या थेंबापर्यंत बघत होते. बाई बाकावरून विचारत होत्या, "कशी वाटतेय तब्येत?" मेकॅनिक म्हणत होती, "उलट्या होताहेत, पण पेशंट शुद्धीवर आहे." काकांना दोघींचा राग यायला हवा होता. तो कुठे गेला होता कोण जाणे.

सगळं झाल्यावर मेकॅनिकने हात पुसले. एका डब्यातून आणलेलं थोडं डिझेल आत ओतून तिने स्वतः किल्ली फिरवली. आत्याबाई कुरकुरल्या. घसा खाकरला. एकदा, दोनदा जोरात खोकल्या, मागून पांढऱ्या धुराचा एक लोट सोडला आणि मग नेहमीच्या तक्रारीच्या सुरात चालू झाल्या. काकांनी रुमालाने डोळे पुसले आणि धूर गेला म्हणाले.

"आता पंपावर नेऊन पुरेसं भरून घ्या," मेकॅनिक म्हणाली. "पहिले वीसेक किलोमीटर हळू. धक्के बसले किंवा दम लागला तर थांबा आणि मला फोन करा. मनाने काही उपचार करायचे नाहीत."

"ते मी लोकांना सांगतो," काका पुटपुटले.

भरताना बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. काकांनी नळी उचलली, तिच्यावरचं नाव मोठ्याने वाचलं, मग झाकणावरचं वाचलं, मग पुन्हा नळीवरचं. "तिसऱ्यांदा वाचा," बाई म्हणाल्या, "आज सूट आहे." गल्ल्यावरच्या आजोबांनी काचेमागून दोन्ही हात उंचावून टाळ्या वाजवल्या.

उरलेल्या रस्त्यात हवेचा विषय एकदाही निघाला नाही. बाईंनी लिंबाची फांदी काकांच्या कानापासून दूर धरून ठेवली आणि कोणत्या मुलीने शर्यतीत काय केलं ते सांगत राहिल्या. काकांनी दुकानात येणाऱ्या लोकांच्या गमती सांगितल्या. एकाने पोटाच्या गोळ्या रेडिओच्या मागे ठेवल्या आणि मग जुने सेल समजून फेकून दिल्या, वगैरे. दोघांनी ठरवलं होतं, पंक्चर म्हणजे पंक्चर. घरी कुणी विचारलं तर तेच.

नव्या घराच्या दारात सगळे उभे होते. मुलगी, जावई आणि काकांची बायको. भिंतींना अजून रंगाचा वास येत होता आणि जिन्यात रिकामी खोकी रचलेली होती. दोघांनी मिळून झाड उतरवलं. एक हात बाईंचा आणि दोन काकांचे.

"कुठला टायर हो, बाबा?" जावयाने विचारलं. "जरा बघतो. जुने झालेत."

"पुढचा," काका म्हणाले.

"मागचा," बाई म्हणाल्या.

दोन्ही एकाच वेळी.

"म्हणजे मागचा," काका म्हणाले.

"नाही, पुढचाच," बाई म्हणाल्या.

जावई गाडीभोवती एक फेरी मारून आला. "आई, चारही टायरवर सारखीच धूळ आहे. आणि जादाचा टायर लिंबाच्या बादलीखाली होता. तो कसा काढलात?"

काकांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी काकांकडे. आपल्या बाबांच्या आणि सासूच्या नजरेत काय भानगड असेल ते मुलीला कळेना. नंतर तिने सांगितलं की तिला वाटलं, दोघांचं वाटेत जबरदस्त भांडण झालं असणार. आणि मग काकांनी खिशात हात घातला, चार घड्यांची ती पावती बाहेर काढली आणि बायकोच्या हातात ठेवली.

बायकोने ती वाचली. "पेट्रोल," ती म्हणाली. मग गाडीकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. "अहो! तुम्ही?"

"मी," काका म्हणाले.

त्यानंतर जे हसणं सुरू झालं त्यात वरच्या मजल्यावरच्या शेजारणीने खिडकी उघडून काय झालं विचारलं. काकांना वाटलं होतं, जमिनीने पोटात घ्यावं असं होईल. तसं काही झालं नाही. विहीणबाई डाव्या हाताने त्यांची पाठ थोपटत होत्या, आणि तेही इतक्या जोरात की त्यांची टोपी डोळ्यांवर आली.

संध्याकाळी खोक्यांचंच टेबल करून सगळे जेवायला बसले. मुलगी सवयीने दोघांच्या मधे आपलं ताट ठेवायला गेली, तर बाई म्हणाल्या, "सरक गं बाळ तिकडे, मला यांच्याशी बोलायचंय." ती ताट हातात घेऊन क्षणभर तशीच उभी राहिली.

मग बाईंनी सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. पोस्टमनचा पूल आणि बुटांचे जोड तेवढे वगळले. बाकी कशातच काटकसर केली नाही. काका पाण्याच्या बादलीवरून उडी मारून आले ती उडी आधी चार फुटांची होती, भाजी वाढेपर्यंत सहा फुटांची झाली. ट्रकवाल्यांची संख्याही वाढायला लागली.

"एकच होता," काका म्हणाले.

"दोन होते. तुम्ही ढकलत होता, मोजत नव्हता."

शेजारीण ओळख करून घ्यायला म्हणून खाली आली, तेव्हा गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. या वेळी तीन ट्रकवाले होते आणि मागे गाड्यांची रांग लागली होती. मुलगी बाबांकडे बघत होती. आता ते चूक दुरुस्त करणार, बोट वर करणार, आकडा सांगणार. तिला त्यांचं ते बोट लहानपणापासून ठाऊक होतं.

काकांनी घोटभर पाणी प्यायलं आणि ग्लास खाली ठेवला.

"आणि चढ होता," ते शेजारणीला म्हणाले. "ते सांगायचं राहिलं. चांगला चढ होता."

"होताच," विहीणबाई म्हणाल्या, आणि काकांच्या ताटात आणखी एक पोळी वाढून पुढे सांगू लागल्या.